आधी काय बंद करायचं, ते ठरलंय का?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीत जा, सिस्टम डिपार्टमेंटच्या कपाटात कंटिन्जन्सी प्लॅनची, म्हणजे अडचण आली तर काय करायचं याची, एक फाईल असतेच. असावीच लागते. वाहन उद्योगाचं आयएटीएफ १६९४९ हे स्टँडर्ड २०१६ मधे आलं, त्यात सरळ लिहिलंय की महत्त्वाचं मशीन बंद पडलं, सप्लायरचा माल आला नाही, आग लागली, लाईट-पाणी गेलं, माणसं कमी पडली, नैसर्गिक आपत्ती आली तर तुम्ही गिऱ्हाइकाला माल कसा देणार याची तयारी ठेवा, आणि वर्षातून एकदा तरी ती तपासून बघा. पुढे त्यात सायबर हल्लासुद्धा आला. मी अशाच एका कंपनीत ही फाईल सांभाळते, अ‍ॅल्युमिनियमचं डाय-कास्टिंग (वितळलेला धातू साच्यात दाबून पार्ट बनवणं) आणि त्यावर मशीनिंग असं आमचं काम. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या बऱ्याच फाईली बघायला मिळाल्या, कारण आम्ही आमच्या सप्लायरकडे ऑडिटला जातो आणि गिऱ्हाईक आमच्याकडे येतं, आणि जवळपास सगळीकडे तेच दिसतं. डाव्या रकान्यात संकट, उजव्या रकान्यात उपाय. लाईट गेली तर डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर. पाणी नाही तर टँकर. सप्लायर बंद तर दुसरा सप्लायर. माणसं नाहीत तर ठेकेदाराला फोन.

हे चूक नाहीये. पण ज्या दिवशी खरंच काही होतं त्या दिवशी ही फाईल कुणी उघडत नाही, कारण त्या दिवशीचा प्रश्नच वेगळा असतो. डीजी आहे, पण तो सगळा प्लांट ओढत नाही. टँकर येतो, पण रोजच्या पाण्याचा चौथा हिस्सा घेऊन येतो. माणसं येतात, पण निम्मी. संकट आलं म्हणजे सगळं एकदम संपलं असं क्वचितच होतं, बहुतेक वेळा सगळं थोडं थोडं शिल्लक असतं आणि ते थोडं कुणाला द्यायचं हे ठरवायचं असतं. म्हणजे खरं तर काय बंद करायचं हे ठरवायचं असतं. आणि ते जर आधी ठरलेलं नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचं डिपार्टमेंट चालू राहतं, हे मी अनेक ठिकाणी बघितलंय. माझ्या मते कुठल्याही संस्थेच्या प्लॅनचं पहिलं पान संकटांच्या यादीचं नकोच, बंद करायच्या कामांच्या यादीचं हवं. कोणतं काम आधी थांबवायचं, कोणतं नंतर, आणि कोणतं काहीही झालं तरी थांबवायचं नाही.

मी मूळची लातूरची, म्हणून हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. २०१६ चा उन्हाळा लातूरकरांना कुणी सांगायला नको. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळ विसरूनच गेलो होतो, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होतील म्हणून मार्चमधे जमावबंदी लावावी लागली होती. मग मिरजेहून जलदूत आली. १२ एप्रिलला पहिली गाडी, दहा वॅगनमधे पाच लाख लिटर पाणी. वॅगन तेलाच्या होत्या, त्या राजस्थानात कोटाच्या रेल्वे वर्कशॉपमधे वाफेने धुवून घेतलेल्या. नंतर पन्नास वॅगनची गाडी यायला लागली, म्हणजे एका फेरीत २५ लाख लिटर. सव्वातीनशे किलोमीटरच्या वर अंतरावरून एका शहराला रेल्वेने पाणी, टीव्हीवर सगळ्या देशाने बघितलं.

पण आता हिशोब करून बघा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या वर. २५ लाख लिटरला त्याने भागलं तर माणशी साडेसहा लिटर येतात. म्हणजे पन्नास वॅगनची भरलेली गाडी आली तरी प्यायचं आणि स्वयंपाकाचं भागणार, बाकी काही नाही. रेल्वेने पिण्याचा प्रश्न धरून ठेवला आणि उरलेला सगळा उन्हाळा लातूरने कशावर काढला तर काय काय बंद ठेवायचं यावर. बोअर आणि टँकर होतेच, पण गाड्या धुणं बंद, बांधकामं थांबली, ज्यांना जमलं त्यांनी लेकरांना मामाच्या गावाला पाठवून दिलं. आमच्या घरात आईने कूलर मार्चमधेच बंद केला होता. बाहेर चाळीसच्या वर तापमान आणि कूलर बंद, कारण कूलर दिवसाला किती पाणी पितो हे तिला माहीत होतं. पहिला घागर-हंडा प्यायचा, मग स्वयंपाकाचा, तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं संडासाला. कपडे आठवड्यातून एकदा. हे तिने एका संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगितलं आणि नंतर त्यावर एकदाही वाद झाला नाही. वाद झाला नाही कारण नंबर आधी ठरला होता, हंडा रिकामा झाल्यावर ठरवायला बसलो असतो तर रोज भांडणं झाली असती.

त्याच एप्रिलमधे इकडे औरंगाबादला (तेव्हा नाव औरंगाबादच होतं) हायकोर्टाच्या खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांचं २५ टक्क्यांपर्यंत कापायचा आदेश दिला. पिण्याचं पाणी पहिलं, ही गोष्ट तत्त्व म्हणून सगळ्यांनाच मान्य होती, पण आकडा आला तेव्हा प्रत्येक कारखान्याला प्रश्न पडला की २५ टक्के कमी म्हणजे नक्की कुठून कमी करायचं. बागेचं पाणी तोडणं सोपं. पुढे काय? कूलिंग टॉवर? वॉशिंग लाईन? कँटीन? एमआयडीसीत बऱ्याच ठिकाणी तो हिशोब तेव्हा पहिल्यांदा मांडला गेला, कारण कोर्टाने भाग पाडलं. कुठल्या मशीनला दिवसाला किती पाणी लागतं हे तोपर्यंत कुणी मोजलंच नव्हतं, मेन मीटरचं बिल भरलं की झालं.

या हिशोबाला आमच्या भाषेत बिझनेस इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस म्हणतात. नाव जड आहे पण काम साधं आहे, प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहायचे: हे काम किती वेळ बंद राहिलं तर सोसेल, आणि आतापर्यंतचा किती डेटा गेला तर चालेल. पहिल्याला आरटीओ म्हणतात, दुसऱ्याला आरपीओ. (आरटीओ म्हटलं की आपल्याला लायसन्सचं ऑफिस आठवतं, ट्रेनिंगमधे प्रत्येक वेळी हे आधी सांगून टाकावं लागतं.) आयएसओ २२३०१ म्हणून या विषयाचं वेगळं स्टँडर्डच आहे, त्याचा गाभा हाच. कागदावर अर्ध्या दिवसाचं काम. पण ही मिटिंग घेऊन बघा. प्रत्येक एचओडी (डिपार्टमेंटचा प्रमुख) आपल्या कामापुढे "तातडीचं" लिहितो. डिस्पॅच तातडीचं, क्वालिटी लॅब तातडीची, अकाउंट्स तातडीचं, पगाराचं सॉफ्टवेअर तातडीचं, अगदी ट्रेनिंग रेकॉर्डसुद्धा तातडीचे. आणि मला त्यांचा राग येत नाही. आपलं काम चार दिवस बंद राहिलं तरी चालेल असं सगळ्यांसमोर लिहून देणं म्हणजे आपण बिनकामाचे आहोत असं कबूल केल्यासारखं वाटतं माणसाला, पुढच्या कपातीत आपलंच नाव येईल अशी भीती वाटते, आणि ही भीती खोटी आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून मी प्रश्नच बदलला. "तुमचं काम किती महत्त्वाचं?" असं विचारतच नाही. विचारते, "तुमचं काम आत्ता बंद पडलं तर पहिला फोन कुणाचा येईल आणि किती वेळाने येईल?" डिस्पॅचवाला लगेच सांगतो, दोन तासात गिऱ्हाइकाच्या लाईनवरून फोन येतो, कारण असेंब्ली लाईनला आमच्या पार्टचा स्टॉक काही तासांचाच असतो आणि त्यांची लाईन आमच्यामुळे थांबली तर मिनिटाच्या हिशोबाने डेबिट लागतं. पगारवाला विचार करून सांगतो, महिन्याच्या पाच तारखेला पहिला फोन, पण पाच तारखेला मात्र फोन नाही, गेटवर गर्दी. लॅबवाला म्हणतो दुसऱ्या दिवशी सकाळी. असं विचारलं की कुणाला कमीपणा वाटत नाही आणि खरा नंबर आपोआप लागतो. शिवाय एक गोष्ट कळते जी आधीच्या प्रश्नाने कधीच कळली नसती, ती म्हणजे कामाचं महत्त्व तारखेप्रमाणे बदलतं. पगाराचं सॉफ्टवेअर बारा तारखेला बंद पडलं तर आठवडा सोसेल, चार तारखेला चार तास सोसणार नाहीत.

आता भट्टीचं सांगते, कारण हा सगळा विषय मला तिथे उभं राहून जसा समजला तसा कुठल्याच ट्रेनिंगमधे समजला नाही. डाय-कास्टिंग मशीनच्या शेजारी होल्डिंग फर्नेस असते, त्यात वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम धरून ठेवलेलं असतं. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, आमचा अलॉय त्याच्या बराच आधी, पण ओतताना पातळ राहावा म्हणून तो ६७०-६८० च्या आसपास ठेवतात. आमच्या फर्नेस विजेवरच्या आहेत. लाईट गेली की डिस्प्लेवरचा आकडा उतरायला लागतो, झाकण बंद असेल तर हळू, उघडं असेल तर भराभर. आणि तो धातू एकदा का आत गोठला तर नुसता एक शॉट (एका वेळी साच्यात जाणारा धातू) वाया गेला असं होत नाही. परत तापवताना तो गोठलेला गोळा आतून फुगतो आणि क्रुसिबल, म्हणजे धातू ज्यात असतो ते भांडं, तडकू शकतं. तडकलेलं क्रुसिबल म्हणजे नवीन मागवा, बसवा, हळूहळू तापवा, तोवर ते मशीन उभं.

आमचा डीजी सगळा प्लांट ओढत नाही, हे सुरवातीलाच सांगितलं. तर लाईट गेल्यावर त्या डीजीवर पहिलं काय टाकायचं? ऑफिसमधे बसून विचारलं तर निम्मे लोक सीएनसी (मशीनिंगची कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) म्हणतात, कारण डिस्पॅच तिथून निघतं. मेंटेनन्सला आमचे एक मामा आहेत, पन्नाशी ओलांडलेली, डीजीच्या आवाजावरून लोड सांगतात. त्यांनी मला एका वाक्यात समजावलं. "मॅडम, शीएनशी रात्री बी चालवता येतंय, रविवारी बी चालवता येतंय. भट्टी गोठली तर म्हैनाभर रडायचं काम हाय." झालं. यादी त्यांनीच सांगितली, मी लिहून घेतली. आधी होल्डिंग फर्नेस. मग कूलिंग पाण्याचा पंप. मग शेडचे मोजके दिवे आणि एक्झॉस्ट. मग सर्व्हरचा यूपीएस. मग कॉम्प्रेसर. त्यानंतर लोड उरला तर सीएनसी, तेही ज्या पार्टचा डिस्पॅच आहे तेवढेच. ऑफिसचे एसी यादीतच नाहीत. आणि डीजीच चालू झाला नाही तर? त्याचंही मामांकडे उत्तर होतं: कुठल्या आकड्याला आला की वाट बघणं सोडून धातू डोयीने काढून इन्गॉटच्या (धातूच्या विटांच्या) मोल्डमधे ओतायला घ्यायचा. तो आकडा यादीत शेवटी लाल अक्षरात आहे. ही यादी आम्ही मराठीत टाईप केली, लॅमिनेट केली आणि डीजीच्या पॅनलवरच लावली, कारण रात्री तिसऱ्या शिफ्टला इलेक्ट्रिशियन आणि सुपरवायझर असे दोघंच असतात आणि कपाटातली इंग्रजी फाईल त्यांच्या काही कामाची नाही.

यादीखाली प्लांट हेडची सही घेतली, आणि ही सही यादीपेक्षाही महत्त्वाची ठरली. एका पावसाळ्यात बराच वेळ लाईट गेली, डिस्पॅचची गाडी गेटवर उभी, गिऱ्हाइकाचे फोन चालू, आणि एक सीनियर साहेब खाली येऊन म्हणाले एक फर्नेस बंद कर आणि मशीनिंगला लोड दे, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. त्यांच्यावर खरंच प्रेशर होतं, मी तिथे होते, त्यांचा चेहरा बघितलाय. मामा नुसतं पॅनलकडे हात करून म्हणाले, "साहेब, यादीत न्हाई. खाली मोठ्या साहेबांची सही हाय, त्यांना फोन लावा." साहेबांनी फोन लावला, समोरून नाही म्हणाले, विषय संपला. पार्ट दोन तास उशिरा गेले. सही नसती तर वीस हजार पगाराच्या माणसाला लाखभर पगाराच्या माणसाला नाही म्हणावं लागलं असतं, आणि आपल्याकडे ते होत नाही. वेळेवर बंद करायचा अधिकार शांततेच्या काळात लिहून खालच्या माणसाच्या हातात द्यावा लागतो.

हेच मोठ्या पातळीवर बघायचं असेल तर ३१ जुलै २०२४ आठवा. सी-एज नावाची कंपनी आहे, सहकारी आणि ग्रामीण बँकांना सॉफ्टवेअर पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा (डेटा अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा) हल्ला झाला तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंटच्या नेटवर्कपासून तोडून टाकलं. त्यामुळे देशातल्या तीनशेच्या आसपास छोट्या बँकांच्या गिऱ्हाइकांचं यूपीआय, एटीएम तेवढ्या वेळापुरतं थांबलं, दुसऱ्या दिवशी परत जोडलं. कुणालातरी त्या दिवशी बसून ठरवावं लागलं की या तीनशे बँकांचा व्यवहार थांबला तरी चालेल पण रोग पुढे जाता कामा नये. आमच्याकडच्या तालुक्याच्या गावात सहकारी बँकेचं खातं म्हणजे दुधाचा पगार, उसाचं बिल, पीकविम्याचे पैसे, त्यामुळे एक दिवस यूपीआय बंद म्हणजे काय हे मला माहिती आहे. तरीही तो निर्णय मला बरोबर वाटतो. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी एप्रिलमधे ऑपरेशनल रिस्क आणि रेझिलियन्सवर (रोजचं काम अडण्याचा धोका आणि त्यातून सावरायची ताकद) एक गायडन्स नोट काढली होती, बँकांपासून एनबीएफसींपर्यंत (बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या) सगळ्यांसाठी, आणि तिच्यात बाहेरच्या सर्व्हिस प्रोव्हायडरवर किती अवलंबून आहात ते तपासा हा मुद्दा ठळक होता. एकाच दुकानातून तीनशे जणांनी कुलूप घेतलं की किल्ली हरवल्यावर तीनशे दारं बंद होतात.

आता संकटांच्या यादीबद्दल. मी ती पहिल्या पानावर नको म्हणते त्याचं अजून एक कारण आहे. आपण नेहमी मागच्या संकटाची तयारी करतो. मराठवाड्यातल्या फाईलीत नैसर्गिक आपत्ती म्हणजे दुष्काळ, ठरलेलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजायच्या सुमाराला किल्लारी-सास्तूर हललं, हजारो माणसं झोपेतच गेली, तोपर्यंत या भागात एवढा मोठा भूकंप होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. किल्लारीनंतर महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्याचे आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे आले, नियंत्रण कक्ष आले, देशाचा कायदा तर २००५ मधे आला. आणि २०२५ च्या सप्टेंबरमधे काय झालं? ज्या धाराशिव, बीड, लातूरकडे आपण टँकरचा हिशोब करत बसतो तिथे पूर आला, परांडा-भूमकडे लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं, जायकवाडीतून एवढं पाणी सोडावं लागलं की पैठण-गेवराईकडच्या गोदाकाठच्या गावांना सामान उचलून निघावं लागलं. आमच्याकडच्या कितीतरी कामगारांची गावं त्या पट्ट्यात आहेत. प्लांट कोरडा, मशीन ठणठणीत, लाईट चालू आणि माणसं नाहीत, कारण त्यांच्या घरात कंबरेएवढं पाणी.

दुष्काळ, पूर, भूकंप, करोना, संप, व्हायरस, कारणं मोजत बसलो तर संपत नाहीत आणि पुढचं नेमकं यादीबाहेरचं असतं. पण परिणाम मोजके आहेत. माणसं नाहीत. वीज-पाणी नाही. जागा वापरता येत नाही. डेटा नाही. सप्लायर नाही. कारण काहीही असो, शेवटी या पाचातलं काहीतरी होतं. म्हणून तयारी परिणामाची करायची. माणसं निम्मी आली तर कुठल्या लाईन बंद, हे एकदा ठरलं की ती पुराने आली नाहीत का तापाने हे बघायची गरज उरत नाही. आणि खरं सांगू का, माणसं निम्मी व्हायला पूर कशाला लागतो, सोयाबीन काढणीला दरवर्षी होतात. दसऱ्याच्या पुढे-मागे ठेक्यावरची पोरं गावाकडे जातात, पावसाचा अंदाज आला की एकदम जातात, कारण कापून पडलेलं सोयाबीन भिजलं तर वर्षाची कमाई गेली. आषाढीला वारीला जाणारे वेगळे. हे सगळं कॅलेंडरवर दिसतं, तरी लेबर शॉर्टेजच्या रकान्यात मी कुठल्याच फाईलीत सोयाबीन लिहिलेलं बघितलं नव्हतं. आता आमच्या फाईलीत आहे. त्या पंधरवड्यात कुठला माल आधी बनवून ठेवायचा हे गणपतीतच ठरतं.

एका माणसाच्या डोक्यात असलेली माहिती हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. आमच्या ओळखीच्या एका युनिटला ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) बंद पडलं आणि माल तयार असून गाडी निघेना, कारण मालाच्या गाडीसोबत लागणारं ई-वे बिल ईआरपीतूनच निघायचं. ते सरकारी पोर्टलवर जाऊन थेट काढता येतं, पण पोर्टलचं युजरनेम-पासवर्ड अकाउंट्सच्या एकाच मुलाला माहिती, आणि तो लग्नाला माजलगावला, फोन लागेना. एवढ्यावर गाडी अडली. जुलै २०२४ मधे क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षेच्या कंपनीचं एक बिघडलेलं अपडेट जगभरातल्या ८५ लाख विंडोज मशीनवर गेलं तेव्हा आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केले. मला त्या फोटोत कुणीतरी कोरे पास छापून ठेवलेले दिसले, आणि ते कसे भरायचे हे माहिती असलेली माणसं दिसली. आमच्या डिस्पॅचला आता छापील चलनाची वही आहे आणि पोर्टलचा पासवर्ड बंद पाकिटात सिक्युरिटी ऑफिसरच्या कपाटात आहे, पाकीट फोडलं की रजिस्टरला एन्ट्री आणि दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलायचा.

बॅकअपचंही तसंच. मार्च २०२१ मधे फ्रान्समधे स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, लाखो वेबसाईट बंद पडल्या, आणि काही गिऱ्हाइकांना तेव्हा कळलं की आपला बॅकअपसुद्धा त्याच आवारात होता. आपल्याकडे कितीतरी पतसंस्थांचा, दवाखान्यांचा बॅकअप सर्व्हरच्या खालच्या ड्रॉवरमधल्या हार्ड डिस्कवर असतो. कृपा करून ती डिस्क तिथून हलवा.

सप्लायरबद्दल लोक नेहमी टोयोटाचं उदाहरण देतात आणि ते द्यायलाच पाहिजे असं आहे. १ फेब्रुवारी १९९७ ला आयसिन कंपनीच्या कारियाच्या प्लांटला आग लागली. तिथे ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह बनायचा, टोयोटाला लागणारे जवळपास सगळे तिथूनच यायचे, आणि टोयोटाकडे स्टॉक काही तासांचा. जपानमधल्या टोयोटाच्या बहुतेक लाईन थांबल्या. मग आयसिनने ड्रॉइंग ज्याला पाहिजे त्याला देऊन टाकली, दोनशेच्या आसपास कंपन्या कामाला लागल्या, त्यात शिलाई मशीन बनवणारी ब्रदरसुद्धा होती, आणि आठवड्याभरात गाडी रुळावर आली. लोक यातलं सहकार्य सांगतात. मला त्यातली ड्रॉइंग महत्त्वाची वाटतात. प्लांट जळलेला असताना ड्रॉइंग सापडली, ती वाचता येण्यासारखी होती, आणि देऊन टाकायचा निर्णय कुणीतरी पटकन घेतला. आमच्याकडच्या किती युनिटमधे डायचं (साच्याचं) शेवटचं करेक्शन ड्रॉइंगवर चढलेलं असतं? ते टूलरूमच्या मिस्त्रीच्या डोक्यात असतं, आणि मिस्त्री पुढच्या वर्षी रिटायर होणार असतो. ऑपरेशनल रिस्क म्हणजे हीच. बँकांच्या बासेल या आंतरराष्ट्रीय नियमात तिची व्याख्या करताना प्रोसेस, माणसं, सिस्टम आणि बाहेरच्या घटना असा क्रम आहे, बाहेरच्या घटना शेवटी.

एवढं सगळं मी आनंदाने करते, पण या कामातली एक गोष्ट मला फार लागते. बंद करायची यादी करायला बसलं की पहिल्या नंबरला न सांगता ठेक्यावरच्या माणसाची शिफ्ट येते. लाईन बंद, म्हणजे आज येऊ नको, म्हणजे आजची हजेरी नाही. मार्च २०२० मधे हे आपण सगळ्यांनी बघितलं, वाळूजहून पायी निघालेली माणसं बघितली. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला ले-ऑफच्या (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवल्याच्या) काळात निम्म्या वेतनाची भरपाई मिळायची तरतूद आपल्या कामगार कायद्यात वर्षानुवर्षं आहे, पण बदली (दुसऱ्याच्या जागेवर येणारे) आणि कॅज्युअल कामगार त्यातून वगळलेले, आणि ठेक्यावरच्या पोराची सलग नोकरी मोजतो कोण? आपण प्लॅनमधे कंपनीला किती तास सोसेल ते लिहितो. त्याला किती दिवस सोसेल हा रकानाच नसतो. तो रकाना मी आमच्या फाईलीत घातला. खोली भाडं, मेसचे पैसे, गावाकडे पाठवायचे पैसे असं विचारत गेलं तर बहुतेकांचं उत्तर आठवड्याच्या आत येतं. मिटिंगमधे यावर बराच वेळ चर्चा झाली, एचआरवाले माझ्या बाजूने बोलले, फायनान्सला पटलं नाही, त्यांचंही म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, कारण गिऱ्हाईक आम्हाला बंद दिवसाचे पैसे देत नाही. शेवटी पहिल्या दोन दिवसांची हजेरी कंपनी धरेल आणि त्या दिवसात साफसफाई, मशीन मेंटेनन्स, ट्रेनिंग यातलं काम देईल, एवढं लिहून सही झाली. तिसऱ्या दिवसापासून काय, ते अजून ठरलेलं नाही. त्या ओळीपुढे "प्रलंबित" लिहिलंय आणि पुढच्या रिव्ह्यूला ठेकेदारालाही बोलवायचं ठरलंय.